माळढोक सोडायचे कुठे?

जैसलमेरच्या प्रजनन केंद्रांत माळढोक या दुर्मीळ पक्ष्याची पिल्ले वाढताहेत, २०२४मध्ये कृत्रिम रेतनातूनही एक जन्मले, याचा मनापासून आनंद आहे. पण उद्या ती सोडायची कुठे? माळढोक राहतो त्याच माळांवरून सौर प्रकल्पांच्या उच्चदाब तारा गेल्या आहेत. या जड पक्ष्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायची वेळ निघून गेलेली असते. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशी एक मादी तारेला धडकून मेली, तर ती हानी भरून यायला किती वर्षे लागतील! आम्ही सोलापूरकरांनी नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ डोळ्यांदेखत रिता होताना पाहिला आहे. सौरऊर्जा हवीच, पण माळढोकाच्या मुख्य अधिवासातील तारा आधी जमिनीखाली घ्या.

– एक वाचक, सोलापूर