नंदे, आधी ती खाच बघ

सांगली

प्रिय नंदे,

तुझ्या गळक्या बेसिनचे फोटो मिळाले. फोनवर उत्तर द्यायचं टाळलं, कारण फोनवर तू मधेमधे "बरं बरं" म्हणतेस आणि नंतर तुला हवं तेच करतेस. पन्हाळ्याला काय झालं होतं ते मला परत सांगायला लावू नकोस. कागदावर लिहिलेलं निदान बाथरूमच्या दाराला चिकटवून ठेवशील. दिवाळीनंतर पत्र नाही म्हणून तू रागावली आहेस तेही खरं, ते भांडण भेटीत करू. इकडे ठीक. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझा खांदा आता वर जातो. झालं.

काळजी मला बेसिनपेक्षा काकूंची जास्त आहे. त्या रात्री उठतात, दिवा लावत नाहीत, आणि त्या गुळगुळीत टाइलवर नेमकं बेसिनखाली पाणी. तू लिहितेस, "थोडंसंच गळतं गं, खाली एक मग ठेवलाय." रात्री कुणी दात घासले की तो मग भरतो आणि पहाटे सांडतो. म्हणून पहिली गोष्ट आजच कर. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाला पाणी देणारी ती छोटी चावी, बंद कर, नळ कोरडा पडू दे, आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांनी मोरीतला नळ वापरा. काकू कुरकुर करतील. करू देत.

आता नीट वाच. तुझ्या बेसिनला आतल्या बाजूला, नळाच्या खाली ते लांबट भोक आहे ना, ते ओव्हरफ्लोचं, बेसिन भरलं की जादा पाणी जायला. त्याच्या मागे बेसिनच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असते आणि ती खाली येऊन वेस्टच्या, म्हणजे पाणी खाली जायच्या, भोकात उघडते. हे भोक साधारण ४५ मिलिमीटरचं. वेस्ट कपलिंग, म्हणजे या भोकात बसणारी जाळीवाली नळी, दुकानात '३२ एमएम' म्हणून मिळतं, पण ते माप आतल्या वाटेचं. आट्यांवरून बाहेरून मोजलंस तर जवळजवळ ४२ भरतं. म्हणजे कपलिंगच्या भोवती दीड-एक मिलिमीटरची फट राहतेच, आणि तुझ्यासारख्या बेसिनमध्ये ती राहायलाच हवी. ओव्हरफ्लोचं पाणी त्या फटीत उतरतं आणि कपलिंगच्या अंगाला असलेल्या खाचेतून आत शिरून निघून जातं.

तिसऱ्या फोटोत तू फ्लॅश मारून जाळीतून आतलं दाखवलं आहेस. तिथे नळीची भिंत सलग आहे, खाच कुठेच नाही. नंदे, तुझ्या ओव्हरफ्लोवाल्या बेसिनला बिनओव्हरफ्लोचं कपलिंग बसवलं आहे. त्या फटीत आलेल्या पाण्याला आत शिरायला जागाच नाही, मग ते आट्यांवरून उतरतं. आटे म्हणजे पाण्यासाठी गोल जिना. खालून नट कितीही आवळला तरी रबरी वॉशर बेसिनच्या बुडाला दाबला जातो, आट्यांमधल्या खोबणी मोकळ्याच राहतात. तो प्लंबर दोनदा आला, दोनदा नट आवळला, दोनदा भोवती पांढरं सिमेंट फासलं, आणि गळती तीच राहिली ती यामुळे.

त्या पांढऱ्या सिमेंटचा मला मनापासून राग आहे. ते कडक असतं. बेसिन चिनी मातीचं, कपलिंग पितळेचं, वरून गिझरचं गरम पाणी; प्रत्येक वस्तू थोडी थोडी हलते आणि सिमेंटला केसाएवढी चीर जाते. चीर गेली की कपलिंगच्या वरच्या चकतीखालून पाणी मुरतं, आतल्या आत साचतं, वास मारतं. तुला जो वास येतो त्यातला निम्मा तरी हाच असणार. शिवाय पुढच्या वेळी उघडताना ते फोडत बसावं लागतं. ते सांधा झाकतं, बंद करत नाही.

दुकानात 'हाफ थ्रेड' माग. वरच्या निम्म्या भागाला आटे नसतात, तिथे खाच असते, आणि ते ओव्हरफ्लोच्या बेसिनला. 'फुल थ्रेड'ला वरपासून आटे, ते बिनओव्हरफ्लोच्या बेसिनला. पण पूर्ण आटे असून खाच असलेलेही मिळतात, म्हणून नावावर जाऊ नकोस. हातात घे, उजेडाला धर, आरपार दिसणारी खाच आहे का बघ. आणि पितळी घे. स्वस्तातलं हाताला हलकं लागतं, वर्षा-दोन वर्षांत त्याचं पॉलिश फुगतं आणि नट आट्यांवरच जाम होतो.

तू म्हणशील, "शोभे, तुझं काय, तुझं दुकानच आहे." हेच तू फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला म्हणायचीस आणि व्हर्नियर माझ्याकडून वाचून घ्यायचीस. यात दुकान लागत नाही. दुपारचा एक तास लागतो.

उघडण्याआधी एक तपासणी कर, म्हणजे दुसरीकडेही गळत असेल तर कळेल. खालचे सगळे सांधे कोरडे पूस. नटाभोवती, नळीच्या सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळ. बेसिनला बूच लाव, ओव्हरफ्लोच्या भोकाच्या खालपर्यंत पाणी भर, त्यात कपड्यांच्या निळीचे दोन-चार थेंब टाक आणि दहा मिनिटं काही करू नकोस. (निळीवरून निळी छत्री आठवली का? अजून तुझ्याकडेच आहे.) बूच लावलेलं असतानाच नटाशी टिश्यू निळा झाला तर पाणी वरच्या चकतीखालून मुरतंय. नंतर पाणी वाढवून ते ओव्हरफ्लोच्या भोकात शिरल्यावर निळा झाला तर गोष्ट खाचेची. आणि बूच काढून सगळं एकदम सोडल्यावर खालचा टिश्यू भिजला तर दोष पुढच्या नळीच्या सांध्यात. तुझ्याकडे पहिले दोन होणार असं फोटोवरून वाटतं, तिसरं बघायचं आहे.

याच वेळी बेसिनचे दोन्ही कोपरे धरून हलकेच वर-खाली कर. काकू वाकून तोंड धुतात आणि उठताना त्यावर भार देतात, हे मला माहीत आहे. बेसिन भिंतीतल्या दोन बोल्टवर लटकतं. ते जरा जरी हललं तरी खालचा सांधा रोज थोडा थोडा सुटत जातो आणि नवं कपलिंगही काही महिन्यांत गळायला लागतं. हलत असेल तर आधी मागचे नट आवळ, प्लास्टिकचे वॉशर जागेवर आहेत ना बघ. बोल्टच भिंतीत फिरत असेल तर ते ड्रिलवाल्याचं काम, त्यात तू पडू नकोस. त्याला बोलावशील तेव्हा शेजारच्या भिंतीत काकूंसाठी स्टीलचा ग्रॅब बारही लावून घे. बेसिन धरून उठायची सवय त्यांना सांगून मोडणार नाही, शेजारी काहीतरी घट्ट दिलं तर मोडेल.

सामान: बादली, टॉर्च, पक्कड, मोठा स्क्रू पाना किंवा वॉटर पंप प्लायर, जुना टूथब्रश, ब्लेडची पट्टी, थोडं स्पिरिट, टेफ्लॉन टेप आणि न्यूट्रल सिलिकॉनची छोटी ट्यूब. 'न्यूट्रल' मुद्दाम लिहिते आहे. साधं सिलिकॉन व्हिनेगरसारखं वास मारतं, त्यातलं आम्ल पितळेला खातं आणि खाली संगमरवर असेल तर त्यावर डाग पाडतं.

बादली खाली ठेवून आधी खालची नळी सोडव. मग नट. नट फिरवताना वरचं कपलिंगही बरोबर फिरायला लागेल. वरून जाळीच्या फटीत पकडीचे दोन दांडे उभे घाल आणि कुणालातरी धरायला सांग. चिनूला सांग, मोबाइल खाली ठेवायचं निमित्त मिळेल. नट जाम असेल तर हातोडी घेऊ नकोस. गंज सोडवायचा स्प्रे मार आणि तासभर थांब. तुमच्याकडे टँकरचं जड पाणी, आट्यांवर क्षार बसलेले असणारच. तरीही सुटला नाही तर हेक्सॉच्या पात्याने नट तिरका काप. तो वाया गेला तर जाऊ दे, नव्याबरोबर नवा येतो. पांढरं सिमेंट पट्टीने हळूहळू खरवड. ॲसिडने विरघळवू नकोस, नळाचं पॉलिश जाईल आणि बंद बाथरूममध्ये घशालाही त्रास. भोकाची वरची आणि खालची कडा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घास, स्पिरिटने पूस, पूर्ण कोरडी होऊ दे. ओल्यावर सिलिकॉन धरत नाही आणि निम्मी कामं इथेच फसतात.

बसवताना वरच्या चकतीच्या खालच्या बाजूला सिलिकॉनची बारीक सलग दोरी फिरव. बारीक म्हणजे तीन मिलिमीटर. जास्त लावलंस तर आत ओघळून खाच बुजवेल आणि आपण परत होतो तिथेच. कपलिंग भोकात सरळ उतरव, मधोमध बसलंय ना बघ, खाच ओव्हरफ्लोच्या बाजूला येऊ दे. आता बेसिनच्या खाली. ज्या उंचीला वॉशर येणार तिथल्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे दे, आट्यांच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, नाहीतर नट चढवताना टेप उलगडतो. टेपवर थोडं सिलिकॉन बोटाने आट्यांत चोळ. जिना बंद होतो तो इथे.

वॉशरचा क्रम चुकवू नकोस. बेसिनला लागून जाड रबरी वॉशर, निमुळता असेल तर निमुळती बाजू वर भोकात. त्याच्याखाली प्लास्टिकची चपटी चकती. मग नट. पाकिटात ती चकती बऱ्याचदा नसते, वेगळी मागून घे. ती नसली तर नट थेट रबराला घासत फिरतो, रबर पिळवटतं, एका बाजूला गोळा होतं, आणि दुसऱ्या बाजूने पाणी येतं. तुझ्या चौथ्या फोटोत रबराचं ते वेडंवाकडं ओठासारखं बाहेर आलेलं दिसतंय, त्याचं कारण हेच. ओव्हरफ्लोच्या बेसिनमध्ये खरा भार या खालच्या रबरावरच असतो. वरून थोडं मुरलं तरी खाचेतून आत जातं. खालून सुटलं की जमिनीवर.

नट हाताने जाईल तितका चढव, मग पान्याने अर्धा फेरा. रबर सगळीकडून सारखं किंचित फुगलं की थांब. इथे जोर दाखवायचा नाही. चिनी माती 'टक्' करते आणि बेसिन संपतं, त्याला दुरुस्ती नाही. वर बाहेर आलेलं सिलिकॉन ओल्या बोटाने लगेच पूस.

खालच्या त्या वळ्यावळ्यांच्या लवचिक नळीबद्दल. तिच्या वळ्यांत केस आणि साबण बसतो, नळी मधे लोंबते, पाणी सावकाश जातं. मग पाणी कपलिंगमध्ये वर चढून खाचेतून पोकळीत शिरतं आणि खालच्या रबरावर सतत दाब राहतो. ती काढून बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप लावायचा का, हे नळी कुठे जाते त्यावर आहे. भिंतीत शिरून थेट उभ्या पाइपला मिळत असेल तर बॉटल ट्रॅप हवाच. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि तेच वास आणि झुरळं अडवतं. पण खाली नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला, जात असेल तर तिथे पाण्याचा अडसर आधीच आहे. एकामागे एक दोन ट्रॅप झाले की गुडगुड आवाज येतो आणि पाणी रेंगाळतं. तसं असेल तर साधी गुळगुळीत पीव्हीसी नळी लाव आणि जमिनीत शिरते तिथे रबरी कॉलर बसव. नळी ताणून किंवा तिरकी ओढून जोडू नकोस, ती कपलिंगला कडेला खेचत राहते. या खालच्या सरकत्या सांध्यांना टेफ्लॉन नको, तिथलं काम निमुळत्या रबराचं. निमुळती बाजू सांध्याच्या आत.

मग २४ तास पाणी नाही. काकूंना आधीच सांगून ठेव, आणि अँगल कॉक बंदच ठेव, नाहीतर सवयीने कुणीतरी नळ उघडेलच. दुसऱ्या दिवशी निळीची तपासणी परत, या वेळी ओव्हरफ्लोमध्ये दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ दे. टिश्यू पांढरा राहिला की बेसिनखालचा तो मग उचल.

चिनूचं ठरलं हे कळलं, फार बरं वाटलं. तारीख? मुलाकडचे कुठले? तुझ्या ऑफिसातल्या त्या बदलीचं काय झालं, तेही नीट लिही, फोनवर तू टाळलंस. साड्यांना मी येणारच, माझ्याशिवाय घेतल्यास तर बघ.

दाद्या पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर कपलिंग, प्लास्टिकची चकती आणि दोन जादा रबरं पाठवते. हे तू तिथे विकत घेऊ नकोस, वर दुकानाचं लिहिलं ते पुढे कधी लागलं तर. फक्त जुनं कपलिंग न काढता एक माप घेऊन कळव: कपलिंगच्या वरच्या चकतीपासून खालच्या नटापर्यंत किती. कपलिंग आखूड आलं तर नटाला आटे पुरत नाहीत, आणि खाच खूप खाली आली तर ती वॉशरच्याही खाली उतरते. पट्टीने घे, मिलिमीटरमध्ये. वीत नको.

काकूंना नमस्कार.

तुझी,
शोभा