हेडली कुणाचा माणूस?

२६/११ च्या मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला सर्रास ‘दुहेरी हेर’ म्हटले जाते. मला तो शब्द तोकडा वाटतो. हेरॉइनच्या तस्करीत पकडल्यावर दाऊद गिलानी (हेडलीचे मूळ नाव) अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबऱ्या झाला, साथीदारांची नावे दिली, शिक्षा कमी करून घेतली. २००२ पासून लष्कर-ए-तैयबाकडे प्रशिक्षण. २००६ मध्ये नाव बदलले आणि मग मुंबईच्या पाच खेपा. एप्रिल २००८ मध्ये तर हा गृहस्थ जीपीएस घेऊन बोटीतून फिरत होता, हल्लेखोरांना उतरायला सोयीची जागा हेरत. पासपोर्टवर अमेरिकी नाव. संशय कुणाला येणार?

ज्याच्या हाती आपली मान, त्याचे त्याने त्या त्या वेळी ऐकले. याला निष्ठा म्हणायचे तर कठीणच आहे. पण टोळीत शिरकाव असलेलाच खबऱ्या कामाचा, आणि त्याच्यावरच भरवसा ठेवणे धोक्याचे, ही यंत्रणांची खरी गोची. ३० डिसेंबर २००९ रोजी अफगाणिस्तानातील खोस्त तळावर सीआयएने आपला समजून एका जॉर्डनी डॉक्टरला झडती न घेता आत येऊ दिले. त्याच्या अंगावर स्फोटके होती. सीआयएचीच सात माणसे गेली.

हेडलीने २०१० मध्ये गुन्हा कबूल केला आणि फाशी व प्रत्यार्पण दोन्ही टाळले. २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाला तो दिसला तो पडद्यावर, माफीचा साक्षीदार म्हणून! त्याचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. हेडलीच्या प्रत्यार्पणासाठी आता नेमके काय चालले आहे, हे सरकारने सांगावे.

— एक वाचक