खारपाणपट्ट्यातून, निळ्या देवमाशाबद्दल

ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

प्रिय मंगल,

सप्रेम आठवण.

तुझं पत्र पोचलं. रत्नागिरीची हवा तुला मानवली हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू विचारलंस, "विहिरीला गोडं पाणी नाही अशा गावात राहून तू देवमाशाचं काय घेऊन बसलीस?" याचं उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर आपण घरच्या चौकश्या आणि कापसाचा भाव यापुढे जातच नाही. म्हणून निवांत लिहितेय. तूही निवांत वाच.

चौथीच्या पोरांना जगातला सगळ्यात मोठा प्राणी कोणता ते सांगत होते. निळा देवमासा, म्हटलं. मागून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, एवढा मोठा हाय, तं थो खाते काय?" प्रश्न साधाच, पण उत्तर वाचायला बसले आणि त्यातून उठवेना.

तो खातो क्रिल. कोळंबीसारखा दिसणारा, बोटाएवढा जीव. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला लांब मानेच्या डायनोसॉरची हाडं सापडलीत ना, त्या अजस्र जनावरांहूनही हा वजनाने भारी. पृथ्वीवर याच्याएवढा जड प्राणी झाल्याचं अजून तरी कुठे सापडलेलं नाही. आणि तो जगतो बोटाएवढ्या जिवावर! त्याला दात नाहीत. वरच्या जबड्यातून पट्ट्यांची झालर लोंबते, आपली नखं ज्या केराटिनची त्याच केराटिनची. क्रिलचा थवा गाठला की तो जोरात घुसतो, जबडा उघडतो, आणि हनुवटीपासून बेंबीपर्यंतच्या घड्या उलगडून घसा फुगतो. एका घासाला स्वतःच्या वजनाएवढं पाणी आत येऊ शकतं. मग ते झालरीतून बाहेर ढकलायचं आणि अडकलेलं क्रिल गिळायचं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं, की उत्तर पॅसिफिकमधला निळा देवमासा भर हंगामात दिवसाला 16 टनांपर्यंत खातो, आधीच्या अंदाजाच्या तिप्पट. आमच्या पोरांना हिशेब क्विंटलचाच कळतो. 160 क्विंटल म्हटल्यावर सगळा वर्ग गप्प झाला.

लांबी समजावी म्हणून 30 मीटर सुतळी मोजून घेतली आणि मैदानावर चुन्याची फक्की टाकून त्याचा आकार काढला. मोठ्यात मोठे निळे देवमासे एवढे भरतात. दुसऱ्या दिवशी पालक बघायला आले. एका आजीने डोळ्याच्या जागी हळदीकुंकू वाहिलं, आणि मी तिला अडवलं नाही.

खाल्ल्यावर पुढचंही आहेच. त्याची विष्ठा लालसर असते, लोहाने भरलेली, आणि ती समुद्राच्या वरच्या थरात पसरते. त्या लोहावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या वनस्पती क्रिल खातं, आणि क्रिल पुन्हा देवमासा. घरी जेवताना हे सांगितलं तर आमचे मामंजी म्हणाले, "म्हंजे शेणखतच झालं नं पोरी!" इतकं नेमकं मला कुठल्या लेखात सापडलं नव्हतं. आता समुद्रातले देवमासे संपले तर क्रिल वाढेल असं कुणी म्हणालं, तर मामंजीच त्याला समजावतील, की खत बंद केल्यावर पीक वाढत नसतं.

तू नाडी मोजणारी बाई, म्हणून हे खास तुझ्यासाठी. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात शास्त्रज्ञांनी एका निळ्या देवमाशाच्या अंगावर चिकटणारं यंत्र लावून त्याच्या हृदयाचे ठोके मोजले आणि 2019 साली ते प्रसिद्ध केलं. खोल बुडी मारल्यावर मिनिटाला चार ते आठ, कधी फक्त दोन! वर येऊन श्वास घेताना 25 ते 37. तुझ्या वॉर्डात असा पेशंट आला तर तू डॉक्टरांना हाक मारशील. हे हृदय मोटारीएवढं असतं असं जागोजागी छापलेलं असतं, पण ते खरं नाही. 2014 साली कॅनडाच्या किनाऱ्याला लागलेल्या एका मादीचं हृदय टोरांटोच्या संग्रहालयाने जतन केलंय, ते 180 किलोंच्या आसपास भरलं. मला ते 180 किलोच जास्त आवडतं. कुणीतरी खरोखर वजन केलंय त्याचं.

मला वाटायचं, हे सगळं अंटार्क्टिकाच्या बर्फातलं, आपल्यापासून फार लांबचं. तसं नाही गं. आपल्या हिंदी महासागरात निळा देवमासा राहतो, थोडा बुटका प्रकार. बाकीचे निळे देवमासे खायला थंड समुद्रात आणि वीण घालायला उबदार समुद्रात असा प्रवास करतात. आपल्याकडचे वर्षभर उबदार पाण्यातच असतात. हे ओळखून त्यांच्यामागे लागली ती श्रीलंकेची सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी वोस. 2003 साली तिला तिथल्या समुद्रात निळे देवमासे दिसले आणि पाण्यावर तरंगणारी लाल विष्ठा दिसली. म्हणजे ते इथे नुसते जाताजाता थांबलेले नव्हते, इथेच खात होते. त्या एका खुणेवरून तिने आयुष्यभराचं काम उभं केलं. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी जगातला फार गर्दीचा जहाजमार्ग आहे आणि देवमासे त्याच पाण्यात चरतात. धडकेने मरतात. जहाजं थोडी दक्षिणेकडून न्या, असं ती आणि तिच्यासारखे लोक वर्षानुवर्षं सांगत आले. 2022 मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीने ते ऐकलं आणि आपली जहाजं खालून वळवली. एक बाई, एक बेट, आणि एवढी मोठी जहाजं वळली! शाळेतल्या मुलींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

त्याहून जवळचं ऐक. दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड या समुद्राच्या अभ्यासकांनी लक्षद्वीपला कवरत्तीजवळ पाण्याखाली ध्वनिमुद्रक ठेवले आणि त्यांत निळ्या देवमाशांची गाणी मिळाली. गाणं म्हणजे फार खोल, लांब ओढलेला घुमारा. त्यातला बराच भाग आपल्या कानाला लागतच नाही, म्हणून वेग वाढवून ऐकवतात. मी पोरांना मोबाइलवर ऐकवलं. ठिकठिकाणच्या देवमाशांचं गाणं वेगवेगळं असतं. ओमानजवळच्या अरबी समुद्रात एक आधी कुणी न नोंदवलेलं गाणं मिळाल्याचं 2020 साली प्रसिद्ध झालं, म्हणजे तिथे त्यांचा आणखी एक वेगळा कळप असावा. तुझ्या खिडकीतून दिसतो त्याच समुद्रात, मंगल.

आता वाईट भाग. तो टाळून चालणार नाही. 1860च्या दशकात नॉर्वेच्या स्वेन्ड फॉइनने तोफेतून सुटणारा, अंगात शिरून फुटणारा भाला आणला आणि वाफेच्या बोटी आल्या. तोवर निळा देवमासा वेगामुळे वाचत आला होता. मग सुटका राहिली नाही. 1930-31 च्या एका हंगामात 29 हजारांहून जास्त मारले. कशासाठी? तेलासाठी. साबण आणि मार्गरिनसाठी. विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात सव्वातीन लाखांवर गेले. अंटार्क्टिकाच्या समुद्रात जिथे दोन लाखांहून जास्त होते, तिथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चारशेसुद्धा उरले नसावेत. 1966 साली शिकारीला बंदी आली, पण साठच्याच दशकात सोव्हिएत जहाजांनी उत्तर हिंदी महासागरात, मुख्यतः अरबी समुद्रात, बाराशेहून जास्त निळे देवमासे मारले आणि ते लपवलं. कागद बाहेर आले ते सोव्हिएत राजवट गेल्यावर. आपल्या आया तेव्हा शाळेत जात होत्या. आज जगभरात सगळे मिळून दहा ते पंचवीस हजार असावेत असा अंदाज आहे. वाढताहेत, पण हळूहळू. मादीला दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू, त्यात घाई होत नाही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

देवमाशाच्या कानातला मळ बाहेर पडत नाही, थरावर थर बसत जातो. एक फिका, एक गडद, साधारण सहा महिन्यांचा एक थर. 2007 साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जहाजाच्या धडकेने एक निळा देवमासा मेला. त्याच्या कानातला बोळा वीतभर लांब होता. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या स्टीफन ट्रम्बल आणि साशा उसेन्को यांनी त्याचा एकेक थर सुटा करून तपासला आणि 2013 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या नराचं सगळं आयुष्य त्यात होतं. वय 12 वर्षांचं. दहाव्या वर्षाच्या आसपास वयात आला. शरीरातला ताण जन्मापासून मरेपर्यंत वाढत गेलेला. आणि कीटकनाशकं, डीडीटीच्या जातीची. ती सगळ्यात जास्त कुठल्या थरात असतील? पहिल्या. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांच्या.

म्हणजे आईकडून, मंगल. डीडीटी चरबीत साठतं, आणि देवमाशीचं दूध म्हणजे जवळजवळ निम्मी चरबी. पिल्लू जन्मतः सात मीटरचं असतं आणि त्या दुधावर दिवसाला 90 किलोंनी वाढतं. तू बाळांचं वजन ग्रॅममध्ये लिहितेस, तुला यातला चमत्कार माझ्याहून जास्त कळेल. त्याच दुधातून ते विष.

हे वाचलं त्या रात्री मला आपल्या भिंती आठवल्या. मलेरियाची माणसं यायची, घरोघर डीडीटी फवारायची, दारावर तारीख लिहायची आणि भिंती सारवू नका म्हणून बजावून जायची. मलेरियाने माणसं मरत होती, त्या फवारणीला मी नावं ठेवत नाही. पण शेतात आपण जे ओतलं त्याचं काय? शेतीतलं डीडीटी 1989 साली बंद झालं. एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये थांबवलं. बाटलीवरचं नाव बदललं, पाठीवरचा पंप तोच राहिला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तू तेव्हा तिकडेच होतीस. त्या दिवसांबद्दल तू फार बोलत नाहीस आणि मी विचारत नाही.

जे औषध माणसाच्या अंगाला लागतं तेच पहिल्या पावसात धुऱ्यावरून नाल्यात उतरतं. आमचा नाला पूर्णेला जातो. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, आणि तापी हतनूर, उकाईची धरणं ओलांडून सुरतेपुढे अरबी समुद्रात. मी नकाशा भिंतीवर लावून पोरांना बोटाने ही वाट दाखवली. सगळंच तिथवर पोचत नाही. आजची बरीचशी औषधं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत, काही धरणांच्या गाळात बसतं. पण वाट उघडी आहे. आम्ही समुद्रापासून लांब नाही, फक्त उताराच्या वरच्या टोकाला आहोत. तू मला विचारलंस ना, देवमाशाचं काय घेऊन बसलीस? हे घेऊन बसले.

घरात यंदा एवढं झालं, की पंप नाल्यावर धुवायचा नाही आणि रिकाम्या बाटल्या बांधावर टाकायच्या नाहीत. बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून अडकवणारे, लावलेत, पहिल्या फवारणीला निंबोळी अर्क मारला. यांनी आधी कुरकूर केली, मग मामंजी माझ्या बाजूने बोलले. उतारा कसा येतो ते वेचणी संपल्यावर कळेल. पहिला वेचा तरी बरा आहे.

आता तुझ्याकडची कामं. 2015 साली तुमच्या कोकणात दोन गोष्टी घडल्या. सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर अभ्यासकांना निळे देवमासे दिसले, त्यांत एक पिल्लू होतं. आणि जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला 40 फुटांहून लांब निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. लोकांनी धडपड केली, पण तो वाचला नाही. तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरावर जाशील तेव्हा जुन्या खलाशांना विचार, की समुद्रात आठ-नऊ मीटर उंच उडणारा सरळ फवारा त्यांनी कधी पाहिलाय का, आणि कोणत्या महिन्यात. त्यांना हेही सांग, की जाळ्यात देवमासा किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला, तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो काढून ठेवायला सांग. रोह्याने, म्हणजे नीलगायीने, तूर खाल्ली तर पंचनाम्यासाठी किती फिरावं लागतं ते आपल्याला माहीत आहे, त्यांचं तसं होऊ नये.

लक्षद्वीपला गाणी एप्रिल-मेच्या सुमारास जास्त नोंदली गेली. सुट्टीत मी येते. तुझी ड्युटी बघून कळव. पोरांना आणता येणार नाही, पण त्यांनी प्रश्न लिहून दिलेत, कागद सोबत जोडलाय. "थो झोपते कसा?" "त्याले पाण्यात तहान लागते का?" "ताई, तुम्ही पायला का?" असं बरंच आहे. उत्तरं तुझ्या अक्षरात पाठव, ती वर्गात वाचून दाखवायची आहेत. पार्सलमध्ये घरची तूरडाळ आणि आईने केलेल्या सांडया आहेत. डाळीला ऊन दाखव, तिकडच्या दमट हवेत जाळी धरेल.

तुझी,
शोभा