उचल फेडली आहे

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि अण्णा फोन ताईकडं देतात. म्हणून लिहून ताईच्या मोबाइलवर पाठवतोय. शेवटपर्यंत वाचून घ्या, मधेच "राहू दे" म्हणू नका.

मी काश्मीर-लडाखच्या मधल्या झोजिला घाटातल्या बोगद्यावर पोकलेनला लागलो. मिनामार्गच्या बाजूला आहे, परवाच पोचलो. इथून पलीकडं बालटालपर्यंत सुमारे 13 किलोमीटरचा बोगदा आहे. पगार समृद्धीच्या दीडपट, राहणं-जेवण कंपनीचं. आणि ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मी दाजींच्या हातून परत केली. यंदा तुमचा कोयता निघणार नाही. अण्णा, रागावू नका. तुमचा शब्द मोडला असं कुणी म्हणणार नाही, पै न पै चार माणसांसमोर मोजून दिलीय. उचल नेहमी तुम्हीच फेडली, एक वर्ष पोरानं फेडली तर काय बिघडलं?

थंडी आहे. थंडीच्या दिवसांत उणे वीसच्या खाली जाते म्हणतात. पण मी केबिनमध्ये, काचा बंद, हीटर चालू. खोलीत बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी आहे, दोन रजया दिल्यात. लडाखकडं डिझेलसुद्धा वेगळं मिळतं, उणे 33 पर्यंत गोठत नाही. मग तुमचं पोरगं कसं गोठेल? सुरुंग उडवायच्या आधी सगळ्यांना बाहेर काढतात, धूर गेल्याशिवाय आत सोडत नाहीत. नंतर वर लोंबणारे सुटे दगड ब्रेकरनं पाडायचे, ते माझं काम. म्हणजे दगड तिकडं आणि मी बूमभर लांब, केबिनवर लोखंडी जाळी. कसाऱ्याच्या बोगद्यातही हेच केलं होतं, नवीन काही नाही.

जेवण बरं आहे. राजमा-भात रोजचा, भाकरी तेवढी नाही. रात्रपाळीला डोळा लागायला लागला की फड आठवतो. आई, पाचटावर लुगडं टाकून मला निजवायचीस आणि मोळी बांधता बांधता मुंग्या झटकायचीस. आता तूही जरा नीज की.

बर्फानं घाट बंद झाला की मधेच निघता येत नाही. संक्रांतीला नाही जमलं तर पाडवा धरा.

आता ऐका. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आधीच, दाजी गाडी घेऊन येतील, "पुढच्या वर्षी" चालणार नाही. बीपीची गोळी बरं वाटलं तरी बंद करायची नाही. आईनं हंडा डोक्यावर घ्यायचा नाही, मोटर कशाला बसवलीय? शेळ्या दोनच ठेवा, बाकीच्या बाजार बघून विका. रेंज इथं लपंडाव खेळते, दोन दिवस फोन नाही आला तर गावभर करू नका.

मुकादम घरी आला तर चहा पाजा, बसू द्या. वहीवर सही मात्र करायची नाही.

तुमचा,
बाळू