मीटिंगा मोजून सहकार्य कळत नाही

मा. संपादक,

सार्वजनिक आरोग्याच्या कामाला आधार देणारी जी सेंटर्स असतात, कुणी ट्रेनिंग देतं, कुणी डेटा बघतं, कुणी फील्डवरच्या टीमला तांत्रिक मदत करतं, त्यांनी एकमेकांना धरून काम करावं असं सगळेच म्हणतात. पण ते खरंच होतंय का हे तपासायची वेळ आली की रिपोर्टमध्ये मीटिंगा किती झाल्या आणि करार किती झाले एवढंच येतं. यातून काय कळणार?

इथे नेटवर्क ॲनालिसिस, म्हणजे कोण कुणाशी कसं जोडलेलं आहे हे तपासायची पद्धत, वापरायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक सेंटरला बाकी सगळ्यांची यादी द्यायची आणि विचारायचं की गेल्या वर्षभरात यातल्या कुणाशी फक्त ओळख होती, कुणाशी माहितीची देवाणघेवाण झाली आणि कुणाबरोबर स्वतःची माणसं, पैसा लावून काम केलं. मग ठिपके (सेंटर्स) आणि रेषांचा (त्यांच्यातली नाती) नकाशा तयार होतो आणि त्यात दिसतं की एखाद्या सेंटरच्या रेषा मोजक्याच आहेत, पण दोन वेगवेगळ्या गटांना जोडणारं ते एकटंच आहे, उद्या त्याचा निधी कापला तर ते दोन गट तुटणार, आणि साध्या आकडेवारीत हेच सेंटर सगळ्यात कमी काम करणारं म्हणून दिसत असतं!

अजून एक, 'अ' म्हणतं आमचं 'ब'बरोबर काम चालतं आणि 'ब'च्या उत्तरात 'अ'चं नावच नसतं. माझ्या मते चौकशी इथूनच सुरू करावी. अर्थात त्यासाठी जवळपास सगळ्यांनी उत्तरं दिली पाहिजेत, चार-दोन सेंटर्स गप्प बसली तरी नकाशा फसवा होतो.

आणि रेषा जास्त म्हणजे काम चांगलं, असंही नाही. 10 सेंटर्समध्ये 45 जोड्या होतात, 20 मध्ये 190, एवढी सगळी नाती सांभाळायला वेळ कुणाकडे आहे? प्रोव्हान आणि मिलवर्ड या संशोधकांनी अमेरिकेतल्या 4 शहरांतल्या मानसिक आरोग्य सेवांचा अभ्यास 1995 मध्ये छापला, त्यात नुसतं दाट जाळं असल्याने रुग्णांना जास्त फायदा होतो असं दिसलं नाही, उलट एक मध्यवर्ती संस्था समन्वय करत होती तिथे परिणाम बरे होते. चारच शहरं होती, त्यामुळे तो काही सगळीकडे लागू होणारा नियम नाही, पण 'सगळ्यांनी सगळ्यांशी जोडून घ्या' असा आग्रह धरणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

फक्त कृपा करून या नकाशावरून सेंटर्सना नंबर देऊ नका, कारण निधी त्यावर ठरतो म्हटलं की पुढच्या वेळी प्रत्येकजण सगळ्यांच्या नावापुढे टिक करणार आणि सगळी माहितीच वाया जाणार. निकाल आधी सेंटर्सच्या लोकांसमोर ठेवा, कुठली रेषा का नाही हे त्यांनाच विचारा, कधी कधी तिथे रेषेची गरजच नसते. आणि वर्ष-दोन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा.

आपला,
एक नियमित वाचक