एका प्रतिशब्दावर इंग्रजी शब्द येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा उच्चार आणि त्यापुढे मराठी प्रतिशब्द छापला जातो. सदर उपयुक्त आहे. आमच्या वेंगुर्ले तालुक्यातील काही शाळांतून ते फळ्यावर लिहूनही घेतले जाते, आणि म्हणूनच त्याच्या पद्धतीविषयी लिहिणे आवश्यक वाटले. नुकताच या सदरात ‘ग्राफ्ट’ हा शब्द आला आणि त्यापुढे ‘कलम’ एवढेच छापले होते. अर्थ चुकीचा नाही. परंतु तो पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्रात एखाद्या मंत्र्यावरील ‘ग्राफ्ट चार्जेस’ची, म्हणजे भ्रष्टाचाराच्या आरोपांची, बातमी वाचली, तर त्या बातमीत आंब्याचे झाड कोठे आहे हे त्याला कोण सांगणार?

मराठीतील ‘कलम’ शब्दाकडेच पाहावे. लेखणीही कलम, कायद्यातील परिच्छेदही कलम आणि हापूसचेही कलम. ‘पोलिसांनी त्याच्यावर कलम लावले’ आणि ‘बाबांनी परसात कलम लावले’ या दोन वाक्यांत क्रियापददेखील एकच आहे. तरीही आमच्याकडील पहिलीतल्या मुलाचाही गोंधळ होत नाही, कारण त्याने हा शब्द कधी सुटा ऐकलेलाच नसतो. इंग्रजी शब्द मात्र आपण त्याच्या हाती सुटा देतो आणि वाक्यात तो बिनचूक यावा अशी अपेक्षा धरतो.

‘ग्राफ्ट’ शिकवायला कोकणाइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. हापूसची कोय रुजवून हापूसच मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे कलमाला पर्याय नाही. पावसाळ्यात रुजत घातलेल्या कोयीला तांबूस, कोवळी पाने फुटली की तिचा शेंडा छाटून, खोडात उभी चीर घेऊन, तीत हापूसची पाचरीच्या आकाराची तासलेली काडी बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. हे कोय कलम येथील बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. खालच्या खुंटाला इंग्रजीत ‘रूटस्टॉक’ आणि वरच्या काडीला ‘सायन’ म्हणतात, आणि ‘द सायन इज ग्राफ्टेड ऑन्टू द रूटस्टॉक’ हे वाक्य रोपवाटिकेत उभे राहून एकदा म्हणून घेतले, तर ‘ऑन्टू’ हे शब्दयोगी अव्यय निराळे शिकवावे लागत नाही. काय कशावर बसते ते समोरच दिसते. तेथून पुढे भाजलेल्या जागी दुसरीकडची त्वचा बसवणे म्हणजे ‘स्किन ग्राफ्ट’, किंवा जुन्याच योजनेवर नवे नियम चिकटवणे, हे अर्थ विद्यार्थी स्वतःच लावू शकतो.

भ्रष्टाचाराचा अर्थ मात्र असा आपोआप लागत नाही, तो सांगावाच लागतो. तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला आणि त्याचा रोख सार्वजनिक पदाचा वा राजकीय वजनाचा वापर करून पैसा मिळवण्यावर आहे. या अर्थी हे नाम मोजता येत नाही. ‘ही टूक अ ब्राइब’ हे वाक्य बरोबर आहे, पण ‘ही टूक अ ग्राफ्ट’ असे कोणी लिहीत नाही. याउलट आंब्याची ‘ग्राफ्ट्स’ शेकड्यांनी मोजता येतात आणि येथील रोपवाटिकांच्या पाट्यांवर ती तशी लिहिलेलीही असतात. एवढा एक फरक कळला तर विद्यार्थ्याची अर्धी वाक्ये सुधारतील. यात आणखी एक गंमत अशी की ब्रिटनमध्ये बोलण्यात ‘हार्ड ग्राफ्ट’ म्हणजे कष्टाचे काम आणि ‘ग्राफ्टर’ म्हणजे राबणारा माणूस, तर अमेरिकेत ‘ग्राफ्टर’ म्हटले की लाचखोर. कौतुक करायला जावे आणि अब्रूनुकसानीची नोटीस यावी, असा हा शब्द आहे.

व्युत्पत्ती शाळेत सांगावी की नाही याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. माझ्या मते ती लक्षात राहण्यासारखी असेल तेव्हाच सांगावी, आणि येथे ती तशी आहे. ‘ग्राफ्ट’चे मूळ ग्रीक भाषेतील लेखणीवाचक शब्दात सापडते, कारण तासलेली काडी टोकदार लेखणीसारखी दिसते. आपला ‘कलम’ शब्द अरबी-फारसीतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ बोरूची लेखणीच. देवगडच्या बागायतदाराच्या आणि इंग्रज माळ्याच्या तोंडी एकाच वस्तूवरून पडलेली नावे आहेत, हे ऐकलेला मुलगा तो शब्द सहसा विसरणार नाही.

हा प्रश्न एका शब्दापुरता नाही. ‘क्रीक’ म्हणजे खाडी हे आमच्या मुलांना शिकवावेच लागत नाही, पण अमेरिकी मजकुरातला ‘क्रीक’ बहुधा साधा ओहोळ असतो, हे त्यांना सांगणारे कोणी नसते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश 1831 मध्ये निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 मध्ये आली. शब्दाचे निरनिराळे अर्थ वेगळे मांडणे आणि तो कोकणात बोलला जात असेल तर तसे नोंदवणे, ही काळजी त्या काळीही घेतली गेली होती. राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवण्यास 2000 मध्ये सुरुवात झाली, म्हणजे शब्द लवकर भेटू लागले. पण ते वाक्यात वापरायचे कसे, हा भाग अजूनही बहुतेक ठिकाणी शब्दार्थांच्या वहीबाहेरच राहिला आहे.

माझी विनंती एवढीच की, या सदरात प्रत्येक शब्दासोबत निदान दोन वाक्ये द्यावीत, त्यांपैकी एक येथील बाग, बंदर किंवा बाजार यांतले असावे, आणि शब्दाबरोबर ठरलेले अव्यय येत असेल तर ते ठळक अक्षरांत छापावे. जागा अपुरी पडत असल्यास रोज एक शब्द देण्याऐवजी आठवड्यातून तीनच द्यावेत. ‘ग्राफ्ट’ पुन्हा छापायचा झाल्यास त्याचा उच्चार ब्रिटनमध्ये ‘ग्राफ्ट’ व अमेरिकेत ‘ग्रॅफ्ट’ असा होतो, हेही नमूद व्हावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)