चप्पल उलटी करून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की पेपरात डेंग्यू, मलेरिया, दूषित पाणी यावर भरपूर येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण पोरांच्या तळपायाबद्दल कधी काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून स्वतःच लिहायला बसलेय. जरा लांबलं तर कात्री लावा.

माझा मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत त्याच्या उजव्या तळपायाला, करंगळीच्या खाली जिथे आपला भार पडतो ना तिथे, एक कडक ठिपका झाला. मसुराच्या डाळीएवढा, पिवळट, मधे बारीक काळा टिंब. "आई टोचतंय" म्हणायचा. मी बघितलं, हात लावला, म्हटलं कुरूप झालंय, बूट नवीन आहेत, जाईल. आणि खरं सांगते, मला ते नाटकच वाटायचं, कारण सकाळी शाळेत जाताना साहेब टणाटण उड्या मारत जायचे आणि संध्याकाळी दुकानातून साखर आण म्हटलं की लंगडायला सुरुवात. आता कळतंय की यातच सगळं उत्तर होतं. सकाळी पायात बूट असायचे, दुकानात जाताना स्लीपर. पण तेव्हा डोक्यात आलंच नाही.

मग घरात जे होतं तेच झालं, म्हणजे प्रत्येकाचा एकेक उपाय. सासूबाई म्हणाल्या भोवरी आहे, रुईचा चीक लावू, दोन दिवस लावला. शेजारच्या मावशी बिब्बा घेऊन आल्या, सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि सुटलेल्या तेलाचा चटका द्यायचा, तेवढं मात्र मी होऊ दिलं नाही कारण माझ्या लहानपणी टाचेवर बिब्बा उतून आलेले फोड मला अजून आठवतात. मग मी शहाणी मेडिकलमध्ये गेले, म्हटलं मुलाला कुरूप झालंय, त्यांनी कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची औषधाची पट्टी) काढून दिली, वय किती आहे, पाय बघू, काही नाही. मीपण विचारलं नाही. त्या कॅपमध्ये सॅलिसिलिक अॅसिड असतं, ते कडक कातडी मऊ करून सोलून काढतं, पण त्याला चांगली कातडी कुठली आणि खराब कुठली ते कळत नाही. चार दिवसांनी काढली तर आजूबाजूची सगळी कातडी पांढरी फटक, फुगलेली, आणि दुखणं जसंच्या तसं, उलट जास्त.

शेवटी नगरला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या मॅडमनी आधी माझ्याशी नाही, पोराशी बोलायला घेतलं. विचारलं, ठणकतंय का, आग होते का, खाजतं का, की टोचतं? तो म्हणाला टोचतं. सासूबाई बरोबर होत्या, त्या पटकन म्हणाल्या, म्हणजे सलतंय म्हणा की! मॅडम हसल्या, म्हणाल्या आजी तुम्ही अर्धं निदान केलंत. मुलं ठणकतंय म्हणाली तर आत पू झालाय का बघायचं, चुरचुरतंय म्हणाली तर कातडी सोलवटलीय किंवा फोड फुटलाय, बोटांच्या बेचक्यात खाजतंय तर पावसाळ्यात चिखल्या असायची शक्यता जास्त, आणि सलतंय म्हटलं की आत काहीतरी आहे का हे आधी बघायचं. इतके वेगवेगळे शब्द आपल्याकडे असताना आपण मात्र सगळ्याला "दुखतंय" म्हणून मोकळे होतो.

मग त्यांनी काय केलं ते मी नीट बघितलं. पाय स्पिरिटने पुसला, टॉर्च मारला आणि कातडीवरच्या रेषा दाखवल्या. अंगठ्यावर जशा ठशाच्या रेषा असतात तशा तळपायावरही असतात. कुरूप किंवा घट्टा असेल तर त्या रेषा त्याच्यावरून सरळ जातात, चामखीळ असेल तर तिथे तुटतात आणि तिला वळसा घालून जातात. चामखीळीत पण काळे टिंब दिसतात, पण ते बरेच असतात, बारीक रक्तवाहिन्यांमधलं रक्त गोठून झालेले, त्यामुळे एक काळा टिंब दिसला म्हणून काटाच असं नाही. मग अंगठ्याने सरळ खाली दाबलं, पोरगं किंचाळलं. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबलं तर काही नाही. चामखीळ असती तर बहुतेक चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं असतं. आणि कुरूप म्हणाल तर एवढ्या लहान वयात कमीच होतं, ते बरेच दिवस एकाच जागी घासून घासून होतं, म्हणून लहान मुलाला कुरुपासारखं दिसलं तर आधी पायात काही रुतलंय का असा संशय घ्यायचा.

वरची मेलेली कातडी ब्लेडने हळूहळू खरवडली आणि आतून तिळाएवढं काट्याचं टोक निघालं. वेड्या बाभळीचं. आमच्या भागात ओढ्याच्या कडेला, क्रिकेट खेळतात त्या पडीक रानात सगळीकडे तीच आहे. एक्सरे काढायचा का विचारलं तर म्हणाल्या लाकूड आणि काटे एक्सरेत सहसा दिसत नाहीत, खोल गेला असता तर सोनोग्राफी केली असती, इथे गरज नाही. धनुर्वाताचं विचारलं, तर ५व्या वर्षीचा डीपीटीचा बूस्टर (त्यात धनुर्वाताची लस असते) झालेला होता (कार्ड बरोबर नेलं होतं, तेवढी एकच हुशारी माझी), त्यामुळे आत्ता इंजेक्शन नको, पुढचा टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) १०व्या वर्षी.

मी पर्स उचलली, तर मॅडम म्हणाल्या, थांबा, चप्पल दाखवा.

स्लीपर पायातच होती. त्यांनी आतून बोट फिरवलं, मीपण फिरवलं, काहीच लागलं नाही. मग कापसाचा बोळा घेऊन तळावरून ओढला आणि एका जागी कापसाचे धागे अडकले. स्लीपर उलटी करून मागे वाकवली तर रबरात काट्याचं खोड रुतून बसलेलं, खालून झिजून सपाट झालेलं, म्हणून वरवर बघून कळलंच नसतं. हाताने दाबल्यावर काही नाही, पण पोराचं वजन पडलं की रबर दबायचं आणि काटा केसभर वर यायचा, बरोबर त्याच जागी. पायातलं टोक काढून आम्ही तीच चप्पल घालून घरी गेलो असतो तर आठ दिवसांनी परत तेच रडगाणं.

हे सगळं बहिणीला फोनवर सांगितलं तर तिचं वेगळंच. तिचा मुलगा ११ वर्षांचा, पुण्यात फुटबॉल खेळतो, टाच दुखते म्हणायचा आणि वरून ना सूज ना ठिपका. तिनेही महिनाभर बूटच बदलले. त्याला निघालं सेव्हर्स म्हणून असतं ते, टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग ओढला जातो, साधारण ८ ते १४ वयात खेळणाऱ्या मुलांना होतं, थोडी विश्रांती, टाचेखाली मऊ पॅड, आणि वाढ पूर्ण झाली की जातं. तेव्हा प्रत्येक वेळी चप्पलच दोषी असं माझं म्हणणं नाही. पण बघायला पैसे पडत नाहीत.

आणि कधी घरी थांबायचं नाही तेही मॅडमनी सांगितलं. पाय लाल होऊन सुजला, लाल रेघ वर चढायला लागली, ताप आला, किंवा मूल पाय टेकवेनाच, तर त्याच दिवशी डॉक्टर. डायबेटिस असलेलं मूल असेल तर घरचा कुठलाच प्रयोग नको, कॉर्न कॅप तर अजिबात नाही. आणि तळपायाला जखम आहे पण मूल म्हणतं दुखतच नाही, तर त्यावर खूश व्हायचं नाही, तिथली संवेदना गेली असू शकते, ते लगेच दाखवायचं.

माझी मागणी फार मोठी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात सरकारी शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्या मुलांची दोनदा तपासणी करायची असते. तेव्हा मोजे काढून तळपायावर एक नजर टाकली आणि दाराबाहेर काढलेली चप्पल उलटी करून बघितली तर मुलामागे मिनिटभर लागेल. आणि मेडिकलवाल्या दादांना विनंती की कोणी आई लहान मुलासाठी कॉर्न कॅप मागायला आली तर वय विचारा आणि डॉक्टरला दाखवा म्हणा, तुमचं चार पैशांचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

– एक आई, ता. श्रीगोंदा

ता.क. : रुईच्या चिकाचं लिहायचं राहिलं. तो लावताना पोराने बोट तिथे लावून डोळा चोळायला घेतला होता, सासूबाईंनी वेळेवर हात धरला. तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. काट्यापेक्षा ते भारी पडलं असतं.